बर्च्को : दोन्ही घटकांचे, तरी कोणाच्याच ताब्यात नसलेले शहर

बोस्निया-हर्झगोव्हिनातील साडेतीन वर्षांचे युद्ध थांबवणारा करार २१ नोव्हेंबर १९९५ रोजी अमेरिकेतील डेटन येथे मान्य झाला आणि १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये त्यावर स्वाक्षऱ्या झाल्या. देश एकच राहील, पण त्यात दोन घटक असतील, असे त्यात ठरले. ५१ टक्के भूभाग बोस्नियाक (बोस्नियातील मुस्लिम) आणि क्रोएट यांच्या महासंघाकडे गेला आणि ४९ टक्के सर्बांच्या रिपब्लिका स्रप्स्काकडे. हजारभर किलोमीटर लांबीची ही अंतर्गत सीमारेषा जवळजवळ सगळीकडे आखून झाली. साव्हा नदीच्या काठावरच्या बर्च्को या शहरापाशी मात्र ती आखता येईना. वाटाघाटींच्या अखेरच्या तासांत या एका जागेवरून सगळा करारच मोडण्याच्या बेतात आला, तेव्हा सर्बियाचे अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच यांनी हा वाद लवादाकडे सोपवण्यास संमती दिली आणि करार वाचला.

पुढच्या काही वर्षांत या शहरात जे घडले, त्याचा अभ्यास जगभरच्या मुत्सद्द्यांनी आणि कायदेतज्ज्ञांनी केला आहे आणि बहुतेकांनी त्याला यशाची कहाणी म्हटले आहे. माझ्या मते ते यश खरे आहे, पण त्याचे श्रेय समेटाच्या आवाहनांना देण्यात अर्थ नाही. शाळा, पोलीस, न्यायालय, घरांची नोंद आणि नोकरांचे पगार या पाच गोष्टी एका यंत्रणेखाली आणल्या गेल्या आणि ती यंत्रणा कोणत्याही एका गटाला एकट्याने चालवता येणार नाही अशी व्यवस्था केली गेली, म्हणून लोक एकत्र राहू शकले. हे ज्या अधिकाराने करून घेतले, तो अधिकार बाहेरचा होता, आणि त्याची किंमतही शहराने मोजली. दोन्ही बाजू तपासायच्या, तर आधी शहर काय होते ते पाहावे लागते.

युद्धापूर्वीचे शहर

बर्च्को हे बंदराचे शहर. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळात बोस्नियातील सुकवलेले आलुबुखार येथून नदीमार्गे मध्य युरोपात जात असे. साव्हावरचा पूल आणि पलीकडच्या विन्कोव्ची जंक्शनला जोडणारा लोहमार्ग त्याच काळातला. १८९२ मध्ये बांधलेली नगरपालिकेची इमारत मूरिश शैलीची आहे आणि आजही शहराची ओळख तीच आहे. डिसेंबर १९४१ मध्ये उस्ताशांनी, म्हणजे क्रोएट फॅसिस्टांनी, येथील ज्यू रहिवाशांना आणि ऑस्ट्रियातून आलेल्या ज्यू निर्वासितांना साव्हाच्या पुलावर ठार मारले. शहराच्या इतिहासात पूल हा व्यापाराचा मार्ग आहे तसाच तो हत्येचे ठिकाणही आहे, आणि १९९२ मध्ये हे पुन्हा सिद्ध व्हायचे होते.

समाजवादी युगोस्लाव्हियात बर्च्कोला बंदर, रेल्वे आणि शेतमालावर प्रक्रिया करणारे कारखाने यांचा आधार मिळाला. १९९१ च्या जनगणनेत संपूर्ण तालुक्याची लोकसंख्या ८७,६२७ होती. तीत मुस्लिम ३८,६१७, क्रोएट २२,२५२, सर्ब १८,१२८ आणि स्वतःला ‘युगोस्लाव’ म्हणवणारे ५,७३१ होते. उरलेले २,८९९ इतर. येथे मुस्लिम ही त्या राज्यव्यवस्थेने मान्य केलेल्या एका राष्ट्रगटाची नोंद होती. १९९३ पासून तोच समाज स्वतःला बोस्नियाक म्हणवतो. शहरात मुस्लिमांचे बहुमत होते आणि क्रोएट मुख्यतः आसपासच्या गावांत राहत. कोणत्याही गटाला तालुक्यात निम्मी संख्या गाठता येत नव्हती, ही बाब पुढच्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे. ‘युगोस्लाव’ लिहिणाऱ्या पावणेसहा हजार माणसांचाही विचार व्हायला हवा. त्यांपैकी अनेक मिश्र विवाहांतले किंवा त्या विवाहांची मुले होती, आणि युद्धानंतरच्या राज्यघटनेत त्यांच्यासाठी ‘इतर’ या शब्दाखेरीज जागा उरली नाही.

त्या व्यवस्थेचा आणखी एक वारसा पुढे महत्त्वाचा ठरला. शहरातील अनेक सदनिका कोणाच्या खासगी मालकीच्या नव्हत्या. त्या कारखान्यांच्या किंवा संस्थांच्या, म्हणजे ‘समाजाच्या’ मालकीच्या असत, आणि कामगाराला तेथे कायम राहण्याचा हक्क मिळे. हा हक्क जवळजवळ मालकीइतका भक्कम होता, पण त्याचा आधार नोकरी आणि प्रत्यक्ष वास्तव्य हा होता. ज्याला घरातून हुसकावले जाते, तो वास्तव्य कसे दाखवणार, हा प्रश्न शांततेच्या काळात कोणाला पडला नव्हता.

१९९२ आणि त्यानंतर

३० एप्रिल १९९२ च्या पहाटे साव्हावरचे पूल उडवून देण्यात आले. त्या वेळी पुलावर माणसे होती. मे महिन्याच्या पहिल्या दिवसांत सर्ब सैन्याने शहर ताब्यात घेतले. बंदरावरच्या गोदामांत ‘लुका’ ही छळछावणी उभी राहिली आणि तेथे बोस्नियाक व क्रोएट कैद्यांना एकेक करून मारण्यात आले. या हत्यांपैकी अनेकांचा कर्ता गोरान येलिसिच याने हेग येथील, युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे गुन्हे कबूल केले. वंशसंहाराच्या आरोपातून तो सुटला, तरी १४ डिसेंबर १९९९ रोजी त्याला ४० वर्षांची शिक्षा झाली. शहरातील मशिदी पाडल्या गेल्या. बोस्नियाक आणि क्रोएट लोक दक्षिणेकडच्या गावांत गेले, तेथून जवळच युद्धाची आघाडी स्थिर झाली आणि ती शेवटपर्यंत फारशी हलली नाही. रिकाम्या घरांत हळूहळू राजधानी सारायेव्होमधून, मध्य बोस्नियातून आणि क्रोएशियातून विस्थापित झालेली सर्ब कुटुंबे आली.

सर्ब नेतृत्वाला हे शहर का हवे होते, हे नकाशा पाहिल्यावर कळते. रिपब्लिका स्रप्स्काचा पश्चिमेकडचा भाग, ज्याचे केंद्र बान्या लुका आहे, आणि पूर्वेकडचा भाग यांना जोडणारी पट्टी बर्च्कोपाशी जेमतेम पाच किलोमीटर रुंद होती. १९९२ च्या मे-जूनमध्ये ही वाट बंद असताना बान्या लुकाच्या रुग्णालयात प्राणवायूअभावी बारा नवजात बालके दगावली. त्या बालकांची आठवण सर्ब समाजात आजही तीव्र आहे. दुसरीकडे महासंघाचे म्हणणे असे होते की, तुझला आणि त्याच्या आसपासच्या औद्योगिक प्रदेशाला युरोपकडे जाण्याचा नदी आणि रेल्वेचा मार्ग बर्च्कोतूनच जातो, आणि ज्या शहरातून बहुसंख्य रहिवाशांना मारून व हाकलून दिले, ते शहर हाकलणाऱ्यांना बक्षीस म्हणून देता येत नाही. मला हा दुसरा युक्तिवाद नैतिकदृष्ट्या निर्विवाद वाटतो, पण पहिल्यातली भीतीही खोटी नव्हती, आणि लवादाला दोन्हींचा विचार करायचा होता.

निकाल लांबवण्याचे सामर्थ्य

लवादावर तीन सदस्य होते. महासंघाने चाझिम सादिकोविच यांना आणि रिपब्लिका स्रप्स्काने वितोमिर पोपोविच यांना नेमले. अध्यक्षपदी डेटन येथे अमेरिकी शिष्टमंडळाचे कायदा सल्लागार असलेले रॉबर्ट्स ओवेन होते. दोघे पक्षकार सदस्य एकमेकांशी सहमत होण्याची शक्यता नव्हती, म्हणून बहुमत न झाल्यास अध्यक्षांचा निर्णय अंतिम मानायचा असे ठरले. करारानुसार निकाल एका वर्षात यायचा होता. १४ फेब्रुवारी १९९७ रोजी जे आले, त्यात शहर कोणाचे हे सांगितलेच नव्हते. त्याऐवजी शहरावर एक आंतरराष्ट्रीय पर्यवेक्षक नेमण्याचा आदेश होता, आणि विस्थापितांना परतू देणे, संयुक्त पोलीस दल उभारणे, मुक्त संचार देणे या बाबतीत दोन्ही बाजू कसे वागतात ते पाहून पुढचा निर्णय होईल, असे त्यात म्हटले होते. १५ मार्च १९९८ रोजी दुसऱ्यांदा निर्णय पुढे ढकलला गेला.

त्या वेळी यावर टीका झाली. लवाद निर्णय टाळतो आहे असे म्हटले गेले. मला या विलंबात या प्रकरणातील सर्वांत शहाणा विचार दिसतो. १९९६ मध्येच शहर एका बाजूला दिले असते, तर दुसऱ्या बाजूकडे गमावण्यासारखे काही उरले नसते आणि जिंकलेल्या बाजूला काही करून दाखवण्याची गरज राहिली नसती. निकाल बाकी आहे तोवर प्रत्येक रोखलेली बस आणि प्रत्येक जाळलेले घर लवादाच्या कागदपत्रांत जमा होत होते, आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

पहिले पर्यवेक्षक रॉबर्ट फॅरँड १९९७ च्या वसंतात आले. तेथे त्यांना काय सहन करावे लागले, याचे उदाहरण म्हणजे २८ ऑगस्ट १९९७ चा दिवस. रिपब्लिका स्रप्स्काच्या दोन सर्ब गटांमध्ये पोलीस ठाण्याच्या ताब्यावरून वाद सुरू असताना भोंगे वाजवून जमाव गोळा केला गेला, अमेरिकी सैनिकांवर दगडविटांचा मारा झाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस निरीक्षकांना शहर सोडावे लागले. तरीही दक्षिणेकडच्या ब्रोद, ओमेरबेगोवाचा आणि दिझ्दारुशा या उपनगरांत बोस्नियाक कुटुंबे मोडलेल्या घरांचे छप्पर घालू लागली होती, आणि १९९८ च्या सुरुवातीला तिन्ही समाजांतील पोलीस एका दलात काम करू लागले. त्याच वर्षी देशभर वाहनांच्या नव्या क्रमांकपाट्या आल्या. त्यांवर लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिपींत सारखीच दिसणारी अक्षरे होती, त्यामुळे गाडी कोणत्या घटकातली आहे हे चौकीवर कळेनासे झाले. इतका साधा उपाय. पण बर्च्कोसारख्या ठिकाणी, जेथे पाच किलोमीटरवर रेषा ओलांडावी लागे, त्याने लोकांचे जाणेयेणे खऱ्या अर्थाने सुरू झाले.

अंतिम निकाल ५ मार्च १९९९ रोजी आला. युद्धापूर्वीचा संपूर्ण तालुका एक स्वतंत्र ‘डिस्ट्रिक्ट’ होईल, तो कायद्याने दोन्ही घटकांचा असेल, पण दोघांपैकी कोणीही तेथे सत्ता चालवणार नाही. डिस्ट्रिक्टचे स्वतःचे सरकार, पोलीस आणि न्यायालये असतील आणि तेथे कोणाचेही सैन्य राहणार नाही, असा तो निकाल होता. रिपब्लिका स्रप्स्कात संतापाची लाट आली. योगायोग असा की, त्याच दिवशी डेटन कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी कार्लोस वेस्तेनदोर्प यांनी त्या घटकाचे अध्यक्ष निकोला पोप्लाशेन यांना पदावरून दूर केले होते. ८ मार्च २००० रोजी डिस्ट्रिक्ट प्रत्यक्षात आले. तीन वेगवेगळ्या नगरपालिका, म्हणजे शहरातली सर्बांची, राहिचमधली बोस्नियाकांची आणि राव्ने-बर्च्कोमधली क्रोएटांची, विसर्जित झाल्या आणि पर्यवेक्षकांनी २९ सदस्यांची हंगामी सभा नेमली. पहिले महापौर सिनिशा किसिच हे सर्ब होते.

शाळा

डिस्ट्रिक्टच्या इतर सुधारणांवर, न्यायाधीशांची नव्याने निवड असो की कायद्यांचे एकत्रीकरण, भरपूर लिहिले गेले आहे. शाळांची गोष्ट अधिक सविस्तर सांगायला हवी, कारण देशात अन्यत्र नेमके तेथेच अपयश आले.

युद्धानंतर शहरातील माध्यमिक शाळेच्या इमारतीत मुले पाळ्यांनी येत; सर्ब एका पाळीत, बोस्नियाक दुसऱ्या. ऑक्टोबर २००० मध्ये सर्ब विद्यार्थी वेगळ्या इमारतींची मागणी करत रस्त्यावर उतरले आणि काही दिवस शहर पुन्हा तणावाखाली गेले. या निदर्शनांमागे मोठ्यांचा हात होता यात शंका नाही, पण मुलांची भीतीही खरीच होती. स्थानिक सभेला शिक्षण कायद्यावर एकमत करता येईना, तेव्हा २००१ च्या उन्हाळ्यात पर्यवेक्षक हेन्री क्लार्क यांनी तो आपल्या अधिकारात लागू केला, आणि त्या शरद ऋतूपासून तिन्ही समाजांची मुले एका वर्गात बसू लागली.

कायद्याची रचना विचारपूर्वक केलेली होती. गणित, विज्ञान, खेळ असे बहुतेक विषय सर्वांना एकत्र; मातृभाषा आणि साहित्यासारख्या राष्ट्रीय ओळखीशी जोडलेल्या विषयांचे काही तास मात्र वेगळे. विद्यार्थ्याने बोस्नियन, सर्बियन किंवा क्रोएशियन या तिन्हींपैकी आपल्या भाषेत उत्तर द्यावे, हव्या त्या लिपीत लिहावे, आणि त्यावरून त्याचे गुण कापले जाणार नाहीत. शिक्षकांनाही दोन्ही लिपी येणे अपेक्षित होते. प्रमाणपत्रही विद्यार्थी निवडेल त्या भाषेत आणि लिपीत. ‘कौन्सिल ऑफ युरोप’च्या शिफारशीवरून त्या वर्षांत देशभर १९९२ ते १९९५ चे युद्ध इतिहासाच्या तासाला शिकवणे स्थगित ठेवले होते, आणि बर्च्कोलाही त्याचा आधार मिळाला. या मौनामुळे मुलांना शहराच्या अलीकडच्या भूतकाळाबद्दल घरी जे ऐकायला मिळे तेवढेच कळत राहिले, ही या व्यवस्थेची उघड उणीव आहे.

आणि पगार. डिस्ट्रिक्टमधील शिक्षकांना दोन्ही घटकांतील त्यांच्या सहकाऱ्यांपेक्षा बरेच अधिक वेतन मिळू लागले. ज्या शिक्षकाला एकत्र वर्गात शिकवणे मान्य नसेल, त्याला नोकरी सोडून पाच किलोमीटरवरच्या शाळेत कमी पगारावर जावे लागले असते. काहींना हे लाच दिल्यासारखे वाटते. मला ते तसे वाटत नाही: ज्याने नुकतीच सगळी बचत, घर आणि कधीकधी भाऊ गमावला आहे, त्याच्याकडून पूर्वीच्या शत्रूच्या मुलाला आपुलकीने शिकवण्याची अपेक्षा करायची, तर त्याच्या चुलीची काळजीही घ्यायला हवी.

तुलना केली की फरक कळतो. महासंघाच्या मध्य बोस्निया आणि हर्झगोव्हिना भागांत पन्नासहून अधिक शाळा ‘एका छपराखाली दोन शाळा’ या पद्धतीने चालल्या. एकाच इमारतीत क्रोएट आणि बोस्नियाक मुलांसाठी वेगळे प्रवेश, वेगळे शिक्षक, वेगळे अभ्यासक्रम. २०१४ मध्ये महासंघाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्तोलाच आणि चाप्लिना येथील अशी विभागणी भेदभावाची ठरवली, तरीही ही पद्धत संपली नाही. तेथेही समेटाच्या परिषदा आणि प्रकल्प भरपूर झाले. तेथे नव्हता तो एकच अर्थसंकल्प, आणि नकार देणाऱ्या मंत्र्याला हटवू शकेल असा अधिकार.

घरे, बाजार आणि सत्तेची वाटणी

घरांचा प्रश्न शाळांइतकाच अवघड होता, पण त्याचे उत्तर अधिक स्पष्ट होते. मूळ मालकाला किंवा राहण्याचा हक्क असलेल्या कामगाराला घर परत मिळायलाच हवे, हे डेटन करारात होते. त्या घरांत राहणारी सर्ब कुटुंबे स्वतः विस्थापित होती आणि त्यांनी कोणाचा खून केला होता असेही नव्हे. डिस्ट्रिक्टने त्यांना शहराच्या कडेला भूखंड आणि बांधकामाला मदत दिली, त्यामुळे बोस्नियाक आणि क्रोएट परतले आणि आलेले सर्बही राहिले. २०१३ च्या जनगणनेत डिस्ट्रिक्टची लोकसंख्या ८३,५१६ भरली; बोस्नियाक ४२.३६ टक्के, सर्ब ३४.५८ टक्के, क्रोएट २०.६६ टक्के. युद्धात ज्या शहरातून एका मोठ्या समाजाला पूर्णपणे हाकलले गेले, तेथे वीस वर्षांनी तिन्ही समाज अशा प्रमाणात असणे बोस्नियात विरळाच.

शहराच्या दक्षिणेला, नाटोच्या नकाशावरील सांकेतिक नावावरून ‘अॅरिझोना’ म्हटल्या जाणाऱ्या रस्त्यावर, १९९६ मध्ये चौकीजवळ एक बाजार उभा राहिला. तिन्ही समाजांचे लोक तेथे पहिल्यांदा एकमेकांशी देवघेव करू लागले, म्हणून परदेशी अधिकाऱ्यांनी त्याचे फार कौतुक केले. त्याच बाजाराच्या मागच्या खोल्यांत पूर्व युरोपातून फसवून आणलेल्या स्त्रियांची विक्री होत होती. पुढे बाजार नियमित करून कराखाली आणला गेला. व्यापार माणसांना जवळ आणतो हे खरे असले, तरी त्याला कायद्याबाहेर मोकळे सोडण्याची किंमत या स्त्रियांनी दिली, आणि हे त्या कौतुकाच्या वेळी लपवून ठेवले गेले असे माझे मत आहे.

राजकीय रचनेत एक बाब लक्षणीय आहे. देशाच्या संसदेत प्रत्येक समाजाला ‘जीवनावश्यक राष्ट्रहित’ सांगून निर्णय अडवता येतो. डिस्ट्रिक्टच्या मूळ घटनेत असा नकाराधिकार ठेवला नव्हता. त्याऐवजी अर्थसंकल्पासारख्या महत्त्वाच्या निर्णयांना वाढीव बहुमत लागते, ते एका समाजाच्या पक्षांना एकट्याने मिळत नाही, आणि म्हणून तडजोड करावीच लागते. ऑक्टोबर २००४ मध्ये पहिली निवडणूक झाली. महापौरपदी बोस्नियाक मिर्साद जापो, मग सर्ब द्रागान पायिच, मग क्रोएट आन्तो दोमिच असे आळीपाळीने आले.

मात्र याच तडजोडीतून दुसरे दुखणे निर्माण झाले. सर्वांना सत्तेत घ्यायचे, तर सर्वांना नोकऱ्या वाटाव्या लागतात. डिस्ट्रिक्टचे प्रशासन हाच शहरातला सर्वांत मोठा रोजगार बनला, आणि पक्षाच्या शिफारशीशिवाय तेथे प्रवेश मिळत नाही ही तरुणांची तक्रार सगळ्या समाजांत सारखीच ऐकू येते. देशाच्या अप्रत्यक्ष करातून मिळणारा ३.५५ टक्के वाटा या यंत्रणेला जगवतो. बंदर आणि कारखाने पूर्वीच्या तोलाने पुन्हा उभे राहिले नाहीत, आणि शिकलेली मुले जर्मनी-ऑस्ट्रियाची वाट धरतात.

अपुरे राहिलेले

बर्च्कोच्या मध्यवर्ती भागात युद्धात मरण पावलेल्यांची तीन स्मारके आहेत. सर्बांचे वेगळे, बोस्नियाकांचे वेगळे, क्रोएटांचे वेगळे, आणि तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दुसऱ्या महायुद्धातील सर्ब चेतनिकांचे नेते द्राझा मिहाइलोविच यांचा पुतळा शहराच्या चौकातून हटवून अखेर विशेग्रादला हलवला गेला, पण मृतांबद्दल एकत्र बोलण्याची जागा अजून तयार झालेली नाही. शाळांनी मुलांना एका बाकावर बसवले. प्रौढांचे शोक अजून वेगळेच आहेत. मला हे अपयश वाटत नाही, तर कायद्याला जे करता येते त्याची ही हद्द आहे असे वाटते.

खरे अपयश इतरत्र आहे. डिस्ट्रिक्टच्या रहिवाशाला देशपातळीवरील निवडणुकीत मतदान करायचे असेल, तर त्याला महासंघ किंवा रिपब्लिका स्रप्स्का यांपैकी एका घटकाचे नागरिकत्व घ्यावे लागते. निवृत्तिवेतनही दोन घटकांच्या निधींतून येते. ज्या जागेची रचनाच ‘एका बाजूची निवड करू नका’ अशी आहे, तेथे मतदार आणि निवृत्त कामगार यांना मात्र बाजू निवडावी लागते, आणि ही त्रुटी दूर करणे सारायेव्होत कोणाच्याही हिताचे ठरत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये पर्यवेक्षकांच्या आदेशाने डिस्ट्रिक्टमधून जाणारी घटकांची सीमारेषा कायदेशीरदृष्ट्या निरर्थक ठरली आणि २००९ मध्ये राज्यघटनेची पहिली दुरुस्ती डिस्ट्रिक्टला घटनात्मक न्यायालयात दाद मागता यावी यासाठीच झाली. परंतु नागरिकत्वाची ही गाठ तशीच राहिली.

३१ ऑगस्ट २०१२ रोजी पर्यवेक्षण स्थगित झाले. ते रद्द झालेले नाही; पर्यवेक्षकाचे पद कायम आहे आणि लवादही औपचारिकपणे विसर्जित झालेला नाही. अंतिम निकालानुसार एखाद्या घटकाने गंभीर उल्लंघन केल्यास लवाद त्यात बदल करू शकतो, अगदी डिस्ट्रिक्ट पूर्णपणे दुसऱ्या घटकाच्या ताब्यातही देऊ शकतो. बान्या लुकाचे नेते वेळोवेळी बोस्नियापासून वेगळे होण्याची भाषा करतात, तेव्हा त्यांच्या प्रदेशाचे दोन तुकडे या शहराच्या दोन बाजूंना आहेत आणि मधली वाट त्यांच्या मालकीची नाही, ही वस्तुस्थिती त्या भाषेला मोठा अडसर ठरते. बर्च्कोतील एका वर्गात शिकलेल्या मुलांनी ही वाट कोणाच्या बंदुकीशिवाय खुली राहील अशी अपेक्षा ठेवणे रास्त आहे, आणि ती पूर्ण करण्याची जबाबदारी आता परदेशी पर्यवेक्षकांपेक्षा त्यांच्या स्वतःच्या सभेवर आणि सारायेव्होतील संसदेवर आहे.